मनमिळाऊ, पण दोन साक्षीदार हवेत

हेवा ही माझी फार जुनी सवय आहे. दुसऱ्याचे दाट केस, दुसऱ्याच्या खिडकीतून दिसणारी गोदावरी, दुसऱ्याच्या घरची शेवभाजी, मी कशावरही जळू शकतो आणि जळतानाही माझी तब्येत ठणठणीत राहते. पण चौथ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, स्वतःचं नाव न छापता, एखाद्याने रोज मोजक्या ओळी लिहाव्यात आणि पहिल्या पानावर नावानिशी झळकणाऱ्याने त्याच्यावर जळावं, हे जरा अतीच झालं. माझ्या बाबतीत ते झालं आणि वीसेक वर्षं चाललं.

त्या माणसाचं नाव गांगुर्डे. ऑफिस त्यांना अण्णा म्हणे. गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. स्वतःच्या निधनाची बातमी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती, वयाची जागा तेवढी मोकळी सोडून. तीन ओळी, आणि त्यात एकही विशेषण नाही. त्यांच्या मुलीने तो कागद आमच्या जुन्या दैनिकात नेऊन दिला, तेव्हा तिथल्या उपसंपादक बाईंनी मला फोन केला.

"सर, हे फारच कोरडं वाटतंय. 'मनमिळाऊ' टाकू का?"

"टाकू नका," मी म्हणालो. "ते परत येतील."

बाई हसल्या. मी गंभीरपणे बोलत होतो.

आता ही काय भानगड ते सांगतो. जुनी मराठी वर्तमानपत्रं ज्यांनी वाचली आहेत त्यांना निधन वार्तेचा साचा पाठ असेल. माणूस अल्पशा आजाराने जाई. त्याच्या पश्चात पत्नी, मुलं, सुना, नातवंडं असा परिवार असे. आणि शेवटच्या ओळीत तो मनमिळाऊ असे. 'मनमिळाऊ स्वभावाचे म्हणून ते परिसरात परिचित होते.' सगळी वर्तमानपत्रं जमवून वाचली तर वाटावं, या राज्यात भांडकुदळ माणूस मरतच नाही. विशेषण कसलं, शेवटच्या ओळीचा पूर्णविरामच होता तो. उपसंपादक चहा पिता पिता तो लावून टाकत.

अण्णा लावत नसत.

मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात हे पाहिलं. पंचवटीतला एक नगरसेवक आईच्या निधनाचा मजकूर घेऊन आला होता. पांढरा शर्ट, मागे चार माणसं. त्याने कागद अण्णांपुढे ठेवला. अण्णा तेव्हा पस्तिशीचे असतील. बुटके, अंगाने बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "शेजारी कोण राहतं?"

"कोणाच्या?"

"आईंच्या. नळ, भिंत किंवा जिना कोणाबरोबर वाटून घेतला होता?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मनमिळाऊ लिहिलंय तुम्ही. मला दोन साक्षीदार लागतात. घरातले चालत नाहीत. एक शेजारचा, आणि दुसरा असा की ज्याला त्यांच्याकडून काहीही मिळायचं नव्हतं."

नगरसेवक मागे वळला. चौघांनी एकदम माना हलवल्या. "हे चौघं साक्षीदार."

"यांना तुमच्याकडून मिळायचं आहे," अण्णा म्हणाले आणि मोपेडची किल्ली घेऊन उठले.

मला वाटलं, वेडा आहे. निधनाची चार ओळींची बातमी, आणि हा माणूस उन्हात पंचवटी गाठतोय! तासाभराने अण्णा परत आले, पाणी प्यायले आणि 'मनमिळाऊ' खोडून त्यांनी वर लिहिलं, 'धार्मिक वृत्तीच्या'. दुसऱ्या दिवशी नगरसेवकाने फोनवरून संपादकांना काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. पण तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या, डोक्यावरून पदर, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी अण्णांचं टेबल विचारून घेतलं.

"मी त्यांची थोरली सून," त्या हळूच म्हणाल्या. "नाही लिहिलं ते बरं केलं, दादा. तेवीस वर्षं कोणाला पटलं नव्हतं माझं."

पुडा ठेवून त्या गेल्या. अण्णांनी तो उघडलासुद्धा नाही. "हिला साक्षीदार म्हणून विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवली. "पण घरातली. चालली नसती."

पेढे मी खाल्ले. जळायला मी तिथूनच सुरुवात केली.

माझं काम मोठं होतं हो! अपघात, मोर्चे, लासलगावचे कांद्याचे लिलाव, मंत्र्यांचे दौरे. माझ्याकडे विशेषणांचा ट्रॅक्टर भरलेला असे आणि मी तो रोज बाजार समितीत ओततात तसा पहिल्या पानावर ओतत असे. अपघात भीषण, गर्दी अलोट, मोर्चा विराट, प्रतिसाद उत्स्फूर्त. एकदा लिलाव बंद पडले तेव्हा मी 'अभूतपूर्व कोंडी' असा मथळा दिला. अण्णा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"सुधीरराव, अभूतपूर्व म्हणजे आधी कधीच झाली नाही अशी ना?"

"हो."

"मागच्या वर्षी दोनदा झाली होती. दोन्ही वेळा तूच लिहिलंस. दोन्ही वेळा अभूतपूर्व."

"अण्णा, लोकांना जोरदार वाचायला आवडतं."

"असेल," ते म्हणाले आणि निघून गेले. असा माणूस भांडतही नाही हो! भांडला असता तर निदान बरोबरी तरी झाली असती.

आणि लोकांना काय आवडतं, ते हळूहळू मला दिसायला लागलं होतं. माझी बायको सकाळी पेपर उघडायची तो थेट चौथ्या पानावर. "बघ, काठे गल्लीतल्या त्या मास्तरांना 'शिस्तप्रिय'वरच थांबवलंय," ती म्हणायची. पहिल्या पानावर तिच्या नवऱ्याची चार कॉलमी बातमी असायची, ती भाजीच्या पाटीखाली. सगळ्या गावाला अण्णांची भाषा कळू लागली होती. 'स्पष्टवक्ते' म्हटलं की लोक समजून घेत. 'करारी' म्हटलं की घरच्यांबद्दल वाईट वाटे. आणि 'मनमिळाऊ' आलं, महिन्यातून तीन-चारदाच यायचं, की ओळख नसलेली माणसंसुद्धा म्हणायची, चला, भेटून येऊ त्यांच्या घरी.

जिवंत माणसंही यायला लागली, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वीज खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, भरदार मिशा, खणखणीत आवाज, अण्णांसमोर खुर्ची ओढून बसले.

"माझं वय एकाहत्तर. विचारून ठेवतो. मी गेल्यावर काय लिहाल?"

अण्णांनी त्यांचा पत्ता विचारला. "खालच्या मजल्यावर कोण राहतं?"

गृहस्थांचा आवाज एकदम उतरला. "ते... आमचं जरा स्कूटरवरून आहे. मी जिन्यात लावतो. अकरा वर्षं झाली."

"बरं," अण्णा म्हणाले.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे तुम्ही अजून जिवंत आहात."

आठवड्याने मी मुद्दाम त्या इमारतीवरून गेलो. जिना मोकळा होता. स्कूटर बाहेर लिंबाखाली, वर प्लॅस्टिक घातलेलं. मी रस्त्यात उभा राहून त्या स्कूटरवर जळत होतो. माझ्या लेखांनी मंत्री बदलले असतील, खड्डा एकही बुजला नव्हता. आणि या माणसाने न छापलेल्या एका शब्दाने अकरा वर्षांची स्कूटर हलवली!

दिंडोरीची गोष्ट तर मी बायकोलाही खूप दिवस सांगितली नव्हती. एका दुपारी ऑफिसात दोन बायका आल्या. पेठ तालुक्यातल्या, दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला आलेल्या. चप्पल बाहेर काढून दारातच थांबल्या.

"आमच्या टोळीतली बाई गेली. पेपरात येतं का ओ, आमच्यासारख्याचं?"

"येतं," अण्णा म्हणाले. "बसा. वय?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "माझ्यापक्षा थोरली व्हती," एक म्हणाली.

मजकूर काहीच नव्हता. अण्णांनी नाव, गाव, मागे कोण ते विचारून लिहून घेतलं. मनमिळाऊ हा शब्द त्या बायकांनी मागितलाही नव्हता. तो मागता येतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी रजा टाकली आणि बसने दिंडोरीला जाऊन त्या बागेत दिवसभर बसले. तिथून परत आले तेव्हा त्यांच्याकडे साक्षीदार दोन नव्हते, सव्वीस होते.

महिनाभराने विजेच्या खोळंब्याची बातमी करायला मी त्याच भागात गेलो. पंपाच्या शेडमध्ये, स्टार्टरच्या वर, एक कात्रण चिकटवलेलं. वर दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक ताणून लावलेलं. मी विचारलं, "यात काय लिहिलंय?" तिथे बसलेल्या बाईला वाचता येत नव्हतं. तिने चारही ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. 'मनमिळाऊ'वर आली तेव्हा थांबली, तो शब्द पुन्हा एकदा सावकाश म्हणाली आणि मग पुढे गेली.

"मी त्याच पेपरात आहे," मी म्हणालो. "पहिल्या पानावर माझं नाव असतं."

"मंग त्या अण्णाला सांगजा," ती म्हणाली. "बाग बदलली तरी कागद आमच्यासंग फिरतो."

मी हा निरोप अण्णांना दिला नाही. आज लिहितोय. बघा, कसा माणूस आहे मी.

एकदा मात्र मी त्यांना चिडून विचारलं होतं, की एका शब्दासाठी एवढी पायपीट कशाला? बाकीचे पेपर रोज वाटतातच की. अण्णा पेन्सिलीला टोक करत होते. ते म्हणाले, "ज्याच्याकडे आहे तो अर्धं पान जाहिरात देतो. फोटो, हार, शोकाकुल परिवार, काय वाटेल ते लिहितो. आमच्या कॉलनीतल्या माणसाच्या नावावर जन्मभरात एवढीच चार ओळींची बातमी येते. त्यातला एक शब्द तरी कोणी तपासलेला असावा." मग पेन्सिलीचं टोक फुंकून म्हणाले, "जा, तुझा मोर्चा विराट झाला असेल."

माझे वडील गेले तेव्हा मी पंचेचाळिशीच्या आत होतो.

वडील जिल्हा कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. घरात जेमतेम बोलत. सकाळी "पाणी आलं का", दुपारी "येतो", संध्याकाळी "आलो". आईने त्या तीन वाक्यांवर सेहेचाळीस वर्षं संसार केला. दुपारी तीनला कोट घालून ते बाहेर पडत आणि साडेपाचला येत. वाचनालयात जातात असं आम्ही धरून चाललो होतो. विचारायची सोय नव्हती. कोणाच्या घरी जाणं नाही, कोणाला बोलावणं नाही. माझी एकही बातमी वाचून ते कधी काही म्हणाले नाहीत. मी त्यांच्यासमोर पेपर उघडून ठेवत असे. ते त्यावर चष्मा ठेवत.

ते गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. आई कोपऱ्यात बसलेली. मला जवळ बोलावून तिने विचारलं, "बातमी अण्णाच लिहिणार ना?"

"हो."

"ते लिहितील का रे तो शब्द?"

मी तिच्याजवळ खाली बसलो.

"मला कधी कळलंच नाही त्यांचं," आई म्हणाली. "माणूस वाईट नव्हता. पण कसा होता? बाहेरचं कोणी सांगितलं तर मला कळेल. अण्णांनी लिहिलं तर खरं वाटेल मला."

अण्णा दुपारीच आमच्या इमारतीत येऊन गेले होते, हे मला नंतर समजलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने साक्ष दिली होती, की उन्हाळ्यात पाण्याची मोटर सुरू करायला चार जिने उतरून तेच जायचे, सगळ्यांसाठी. एक साक्षीदार झाला. दुसऱ्यासाठी अण्णांनी चार घरं पालथी घातली. लोक म्हणाले, "त्रास काही नव्हता. पण बोलत नव्हते हो."

संध्याकाळी मी ऑफिसात गेलो. घरी बसवेना, आणि आईचा प्रश्न डोक्यात. चौथं पान आमच्याकडे सहालाच तयार होई. अण्णांनी त्यावर सही केली होती आणि ते घरी गेले होते. मी पान लावणाऱ्याच्या संगणकावर ती बातमी पाहिली. 'मितभाषी म्हणून ते परिचित होते.'

मितभाषी! मी पेटलो. पेठच्या मजूर बाईला मिळतो तो शब्द माझ्या बापाला नाही? वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो मी! मला दुःख झालं होतं हे खरं, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, त्यात निम्मा हेवा होता. तो शब्द या एका माणसाच्या खिशात का, याचा हेवा. मी पान लावणाऱ्याला म्हणालो, "अण्णांचा निरोप आहे. 'मितभाषी' काढ, 'मनमिळाऊ' घाल." त्याने घातलं. एवढं सोपं होतं ते.

सकाळी आईने चष्मा लावून बातमी वाचली. मग पुन्हा वाचली. म्हणाली, "होते म्हणजे." आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

गावात मात्र वेगळंच झालं. आमच्या इमारतीतले लोक वडिलांना ओळखत होते. "पेपरवाल्याचा बाप ना, मग मिळणारच," असं आधी जिन्यात, मग पानाच्या टपरीवर. दहाव्याच्या आत ऑफिसात फोन सुरू झाले. आमच्या सासऱ्यांना का नाही? आमच्या आईला 'धार्मिक' का? पंचवटीचा तो नगरसेवक तर जुनं कात्रण घेऊन स्वतः आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "गांगुर्डे, तुमच्या माणसांना सूट आहे का?"

मी माझ्या टेबलावर होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. साक्षीदार एकच होता. मी लिहायला नको होतं."

'मी लिहिलं नाही', एवढं वाक्य पुरलं असतं. ते त्यांनी उच्चारलं नाही. आणि मीही बसल्या जागेवरून उठलो नाही.

संपादक कटकटीला कंटाळले होते. त्यांनी आदेश काढला, यापुढे सरसकट सगळ्यांना मनमिळाऊ लिहायचं. दुसऱ्या दिवसापासून शहरातला प्रत्येक मृत माणूस मनमिळाऊ झाला. अण्णांनी ते सदर सोडलं आणि बाजारभावाच्या पानावर बदली मागून घेतली. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर. तिथे विशेषणं लागत नाहीत. पंधरा दिवसांनी मी त्या वीज खात्यातल्या गृहस्थांच्या इमारतीवरून गेलो. स्कूटर पुन्हा जिन्यात होती.

माझ्या मनासारखं झालं होतं खरं तर. चौथ्या पानाचा हेवा वाटावा असं तिथे काही उरलं नव्हतं. पण मजा अशी की मी हेवा करणं सोडू शकलो नाही. आता मी अण्णांच्या गप्प राहण्यावर जळत होतो. मला ते कधीही जमलं नसतं.

मग ते निवृत्त झाले, मी दुसरीकडे गेलो, आई चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या निधनाच्या जाहिरातीत आम्ही सगळी विशेषणं घातली. तपासणारं कोणी नव्हतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी एकदाचा अण्णांकडे गेलो. उपनगर भागाच्या पुढची त्यांची कॉलनी, दोन खोल्या, भिंतीला लावलेलं पुस्तकांचं कपाट, दारात पाण्याने भरलेली बादली. अण्णा वाळले होते. चष्मा नवा होता, पण एका काडीला दोरा तसाच. मी रिक्षात बसून येताना भाषण तयार केलं होतं. सुरुवात झकास होती.

"अण्णा, इतक्या वर्षांचं एक ओझं..."

"हेल्मेट," अण्णा म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी तुझं हेल्मेट पान लावायच्या टेबलावर राहिलं होतं. सकाळी मीच तुझ्या खुर्चीवर आणून ठेवलं. चहा घेणार ना?"

माझं भाषण तिथेच संपलं. मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत? खुलासा छापता आला असता."

"छापणारच होतो. आधी तुझ्या आईंना भेटायला आलो होतो. तू बाहेर गेला होतास. त्या म्हणाल्या, तुम्ही लिहिलंत म्हणून मला पटलं." अण्णांनी चहाचं आधण ठेवलं. "आता त्या बाईसमोर खुलासा कसा छापणार? मग एकच रस्ता उरला. दुसरा साक्षीदार शोधायचा."

"कधी?"

"छापून आल्यानंतर. उलटा क्रम झाला, पण इलाज नव्हता. आठ महिने लागले."

मी खुर्चीत पुढे सरकलो. आणि अण्णांनी अगदी बाजारभाव सांगावेत तसं सांगितलं. आईला भेटायला आले तेव्हा खुंटीला वडिलांचा कोट होता. त्याच्या कोपरावर रफू केलेलं होतं, इतकं बारीक की हात फिरवल्याशिवाय कळू नये. ते घरात झालेलं नव्हतं. अण्णांनी शहरातले रफूवाले शोधायला सुरुवात केली. दर आठवड्याची सुट्टी त्यांनी त्या शोधात घालवली. आठव्या महिन्यात द्वारका चौकाजवळच्या एका बोळात युनूसभाई सापडले. कोटाचं वर्णन ऐकताच त्यांनी सुई खाली ठेवली आणि विचारलं, "कहाँ हैं साहब? इतने दिन हुए, आए नहीं."

"तुझे वडील नऊ वर्षं रोज दुपारी त्यांच्या बाकावर बसायचे," अण्णा म्हणाले.

"गप्प?"

"गप्प कसले! नकला करायचे. कचेरीतले सगळे साहेब, तहसीलदार, शिपाई. बोळातली माणसं काम सोडून ऐकायला यायची म्हणे."

माझे वडील? नकला?

"आईला हे..."

"त्यांना त्याच आठवड्यात सांगितलं. त्या माझ्याबरोबर एकदा येऊनही गेल्या. शब्द त्यांच्यासाठी होता."

"आणि मला कोणीच का सांगितलं नाही?"

"त्या म्हणाल्या, नको. त्याला सांगितलं की तो रविवारच्या पुरवणीत लिहील." अण्णा पहिल्यांदा हसले. "चल, आज गुरुवार. मी जायचाच होतो."

द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची गर्दी, हॉर्न, ट्रकांचा धूर. अण्णा रस्ता ओलांडून बोळात शिरले, घरच्यासारखे. युनूसभाई म्हातारे, पांढरी दाढी, मांडीवर कोणाची तरी पँट. समोर लाकडी बाक. अण्णा न विचारता त्यावर बसले. बसण्याची जागा ठरलेली दिसत होती. उरलेल्या जागेत युनूसभाईंची इस्त्री आणि कपड्यांचा ढीग होता.

"ये साहब के बेटे," अण्णा म्हणाले.

युनूसभाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेपरवाले? अरे, तुमचं तर आम्ही रोज ऐकायचो!"

"ऐकायचो म्हणजे?"

"साहब पेपर लेके आते थे. उभे राहून वाचायचे." म्हातारा उठला. पँट बाजूला ठेवली, छाती पुढे काढली, एक हात हवेत उंचावला आणि घोगऱ्या आवाजात सुरू झाला, "लासलगावी अ-भूत-पूर्व कोंडी! हजारोंचा वि-राट जनसमुदाय!"

तो माझा आवाज होता. माझा हात. वाक्याच्या शेवटी मी मान उडवतो, तीसुद्धा. माझ्या वडिलांनी मला इतकं नीट पाहिलं होतं, इतकं ऐकलं होतं, आणि ते सगळं या बोळात आणून सांडलं होतं. पेपरवर चष्मा ठेवणारा तो माणूस माझी प्रत्येक बातमी वाचत होता.

"पुढे?" मी म्हणालो.

"पुढचं आज अण्णा करतात," युनूसभाई म्हणाले. "मैंने सिखाया."

आणि अण्णांनी, ज्यांनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, बाकावर बसल्या बसल्या हात वर केला आणि माझी मान उडवली.

मी खूप हसलो, आणि सगळ्यांदेखत डोळे पुसले. मला तिथे बसायचं होतं. मी कपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. तो कोणी उचलला नाही. युनूसभाईंनी पुन्हा सुई हातात घेतली होती आणि अण्णा त्यांना ओवायला दोरा तोडून देत होते. वर्षानुवर्षांचं असावं असं ते काम चाललं होतं. माझ्या वडिलांची जागा भरलेली होती, माझ्या वडिलांची नक्कल शिकलेली होती, आणि मी बोळाच्या तोंडाशी उभा होतो.

"निघतो अण्णा," मी म्हणालो.

"ये," ते म्हणाले. वर न बघता.

रिक्षा मिळायला वेळ लागला. मिळाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. बोळात ऊन तिरपं आलं होतं. अण्णा आता उभे राहिले होते, हात हवेत, आणि युनूसभाई दाढी हलवत हसत होते. गाड्यांच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते, पण कोणाची नक्कल चालली आहे ते मला कळत होतं. शेवटची मान मात्र त्यांनी माझ्यापेक्षाही झकास उडवली.